पाचवी सवाष्ण

सुतकाचा फोन बायकांनीच घ्यावा. पुरुषमाणूस ‘अरेरे’ म्हणतो आणि ठेवून देतो. कोण गेलं, कितव्या पिढीतलं, दहा दिवसांचं की नुसत्या आंघोळीचं, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच येत नाही. गुरुवारी दुपारी नुंगंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये फोन वाजला तेव्हा सीतालक्ष्मीचे दोन्ही हात हळदीत होते, म्हणून तो कृष्णस्वामींनी घेतला. ‘अरेरे’ म्हणाले आणि ठेवून दिला.

“सुगुणेला यायला होईना,” स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. “कुंभकोणमला तिच्या सासरचे कोणी गेले. सुतक आलं म्हणून सांगितली.”

सुगुणा म्हणजे कृष्णस्वामींच्या मामेभावाची बायको, आणि उद्याच्या पाच सवाष्णींतली पाचवी. मुलाचं, वेंकटचं, लग्न आठवड्यावर आलेलं. लग्नाआधी घरातल्या अहेवपणी गेलेल्या बायकांना नाव घेऊन जेवायला बोलवायचं, त्यांच्यासाठी एक पान मांडून ठेवायचं आणि त्यांच्या नावानं पाच जित्या सवाष्णी जेवू घालायच्या, ही तंजावरच्या मराठी घरातून आणलेली रीत. घर विकलं, शेत विकलं, बदल्यांमागे फिरत मंडळी मद्रासला आली, मद्रासचंही चेन्नई झालं, पण ही रीत काही सुटली नाही. सवाष्णी विषमच हव्यात. चार चालत नाहीत, सहा चालत नाहीत. आणि घरच्या सुवासिनीनं स्वतः त्यांच्या दारी जाऊन न्हाण्याचं तेल आणि शिकेकाई द्यायची. फोनवर बोलावलं तर ते बोलावणंच नव्हे.

“आता संध्याकाळच्या आत कोण मिळायची?” आतल्या खोलीतून आवाज आला. तो सकवारबाईंचा. कृष्णस्वामींची थोरली बहीण, वयाची सत्तरी ओलांडलेली. तिशीच्या आतच नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या, त्या इथल्याच झाल्या. त्या दिवशी त्यांना पंगतीत यायला बंदी. विधवा म्हणून त्या आपल्या खोलीत, दार अर्धं लोटून बसत. पण सगळा विधी चालायचा तो त्यांच्याच जिभेवर. गेलेल्या बायकांची नावं त्या आतून सांगायच्या आणि बाहेर सीतालक्ष्मी ती म्हणायची. ज्या क्रमानं गेल्या त्याच क्रमानं नावं घ्यायची, आणि एक जरी पुढेमागे झालं तरी सकवारबाई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. त्यांचं स्वतःचं नाव मात्र पुढे कधीच कोणी घेणार नव्हतं. नवरा आधी गेला, एवढंच कारण.

मागच्या गॅलरीत कीर्तना काठीनं सोवळ्याचं नऊवारी उंच वेळूवर वाळत टाकत होती. सकवारअत्यानंच तिला ते शिकवलं होतं. कीर्तना म्हणजे कृष्णस्वामींचा धाकटा भाऊ दत्तोपंत यांची एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. तेव्हापासून कॉलेज होईपर्यंत ती याच घरात, सीतालक्ष्मीच्या हाताखाली वाढली. आता वेलचेरीला वडिलांबरोबर राहायची आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीला जायची. उद्या पानापुढे ठेवलेलं ते नऊवारी घरच्या लेकीला द्यायचं असतं. वेंकटला बहीण नाही, तेव्हा घरची लेक कीर्तनाच. याबद्दल कोणाच्याही मनात कधी किंतु आला नव्हता.

काठी कोपऱ्यात ठेवून ती आत थोरल्या काकूपाशी आली.

“पेरिम्मा, माझी चित्ती आहे ना. कामाक्षीचित्ती, अम्मेची धाकटी बहीण. ती सवाष्ण आहे.”

सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या दत्तोपंतांनी पेपर थोडा वर धरला.

यामागे काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. दत्तोपंत टेलिफोन खात्यात होते तेव्हा त्यांनी सोबत काम करणाऱ्या कृष्णवेणीशी रजिस्टर लग्न केलं होतं. ती पेरंबूरकडची, तमिळ, दलित घरातली. घरात दोन वर्षं अबोला झाला, मग कीर्तना पोटात आली आणि सगळं निवळलं. म्हणजे, निवळलं असं म्हणायची पद्धत पडली. कृष्णवेणी सणावाराला यायची, बाहेरच्या खोलीत बसायची, हसून बोलायची, जायची. पंधरा वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली, कुंकू लावलेली गेली. त्यानंतर बंगलोरच्या मधल्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा याच विधीत तिचं नाव आलं नाही. कीर्तना तेव्हा अठरा वर्षांची होती. नावं घेतली जात असताना ती दाराला टेकून उभी होती आणि शेवटचं नाव झाल्यावरही थोडा वेळ तशीच उभी राहिली. सीतालक्ष्मीनं ते पाहिलं होतं, आणि पाहूनही पायसम वाढायला घेतलं होतं.

“ते कसं होईल गे?” आतून सकवारबाई म्हणाल्या. “त्यांमध्ये ही रीत नाही. रीत नसलेल्या घरची बाई येऊन काय करील?”

“अत्या, अदितीच्या घरी पण नाही,” कीर्तना म्हणाली. “तिच्या आईनं परवा मलाच विचारलं, हे काय असतं म्हणून.”

हे खरं होतं. वेंकटनं ऑफिसातली ही अदिती, साताऱ्याची मराठ्यांची मुलगी, पसंत केली तेव्हा कृष्णस्वामी सगळ्या नातेवाइकांना ‘काळ बदलला, आपण बदलायचं नाही कां?’ असं मोठ्या ऐटीत सांगत फिरले होते. सकवारबाईंनीही ‘मराठी तर बोलते’ म्हणून मन घट्ट केलं होतं.

“हे बघ कण्णा,” कृष्णस्वामी लाडानं, समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुझ्यात आणि वेंकटमध्ये या घरानं कधी फरक केला काय? खरं सांग.”

“नाही पेरिप्पा. माझ्यात कधीच नाही केला. मी अम्मेबद्दल विचारते आहे.”

कृष्णस्वामींनी चष्मा काढून पुसला. बँकेत असताना अवघड ग्राहक समोर आला की ते हेच करत. मग त्यांनी भावाकडे पाहिलं. “दत्ता, तू सांग तिला.”

दत्तोपंतांनी पेपर खाली घेतला. “राहू दे कीर्तना. तुझ्या आईला असल्या गोष्टींची हौस नव्हती.”

“हौस नव्हती अप्पा, की तिनं तशी सवय करून घेतली होती?”

दत्तोपंतांनी पेपराची घडी केली. आयुष्यभर मूग गिळून बसलेल्या माणसाला लेकीनं एका वाक्यात पकडलं होतं.

“उद्या मला ते नऊवारी देणार ना तुम्ही?” कीर्तनाचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “घरची लेक म्हणून. मी ज्या बाईच्या पोटी जन्मले ती घरची नाही, आणि मी घरची. मला हे जमेना पेरिम्मा. इतकी वर्षं जमवलं.”

सीतालक्ष्मीला काय वाटलं ते सांगायचं तर तिला राग आला. कीर्तनाचा नव्हे. या पोरीनं आपल्याशीच बोलायचं ठरवलं याचा. नवरा, दीर, नणंद सगळे समोर असताना पोरगी बघत होती ती एकट्या तिच्याकडे. हात धुता धुता तिच्या लक्षात आलं की त्यात वावगं काहीच नाही. तेल-शिकेकाई घेऊन जायची ती घरच्या सुवासिनीनं, आणि घरची सुवासिन तीच.

“तुझ्या चित्तीला फोन लाव,” ती म्हणाली. “मी बोलते.”

“फोन?” कीर्तना म्हणाली. “सुगुणामामीकडे तू स्वतः तेल घेऊन गेली होतीस.”

सीतालक्ष्मीनं फडताळातून पितळी वाटी काढली. तीत तिळाचं तेल ओतलं, शिकेकाईची पुडी बांधली, हळदीकुंकवाचा करंडा घेतला. आतल्या खोलीतून ‘शी शी’ नाही, ‘नको’ नाही, काहीच आलं नाही. त्यानं तिला जास्त भीती वाटली. कृष्णस्वामी मध्ये उभे राहिले.

“सुगुणेला कळलं तर काय म्हणेल? मंडप, आचारी, सगळं तिच्या नवऱ्यानं जमवून दिलं.”

“सुगुणेला सुतक आहे ना?” सीतालक्ष्मी म्हणाली. “मग तिला काय करायचं आहे?”

दत्तोपंत उठले आणि चपला शोधू लागले. “मी ऑटो बघतो वहिनी,” म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याकडून एवढंच झालं, पण झालं.

पेरंबूरला रेल्वेच्या क्वार्टर्समागच्या गल्लीत कामाक्षीचं घर होतं. नवरा रेल्वेत, ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. घर कोणतं ते दत्तोपंतांना ठाऊक होतं, पण जिना ते चढले नाहीत. ऑटोवाल्याशी बोलत खालीच राहिले. सीतालक्ष्मी एकटी वर गेली. कृष्णवेणी या घरात आपली जाऊ म्हणून बारा वर्षं होती आणि तिच्या माहेरचा जिना आपण आज पहिल्यांदा चढतो आहोत, हे तिला जिना चढतानाच सुचावं याचं तिला फार वाईट वाटलं.

दार कामाक्षीनंच उघडलं. हुबेहूब बहिणीचं कपाळ. सीतालक्ष्मीच्या हातातल्या वाटीकडे तिनं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. बोलणं सगळं तमिळमध्ये झालं.

“या मामी. बसा.” कृष्णवेणी सीतालक्ष्मीला अक्का म्हणायची. ही मामी म्हणाली, जसं दुकानातली माणसं म्हणतात.

सीतालक्ष्मीनं बोलावणं केलं. वेंकटचं लग्न, उद्याची पूजा, सवाष्णी. बोलताना आपलं पाठ केलेलं वाटतंय हे तिला कळत होतं.

“कोण आलं नाही?” कामाक्षीनं विचारलं.

सीतालक्ष्मीला वाटलं, सांगू नये. मग वाटलं, ही रोज चाळीस मुलींच्या थापा पकडते. “नवऱ्याच्या मामेभावाची बायको. सुतक आलं तिला.”

“बरं.” कामाक्षी समोर बसली. “माझी अक्का गेली तेव्हा तेराव्याला आम्ही आलो होतो. आमची पानं बाहेर, व्हरांड्यात मांडली होती. पाऊस नव्हता म्हणून बरं.” तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. “उद्या मी कुठे बसायचं?”

“आत. सगळ्यांच्या ओळीत. गेलेल्यांच्या नावाचं पान असतं, त्याच्या शेजारी.”

“आणि त्या? तुमच्या नणंद?”

“त्यांचं मी काही सांगू शकत नाही,” सीतालक्ष्मी म्हणाली. “पण पान मी मांडते, वाढते मी. ते माझ्या हातात आहे.”

“अक्काचं नाव घेणार?”

नावं सांगायची ती वन्संनी. कोणाचं नाव घ्यायचं हे आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कोणाला विचारलं नव्हतं. “मला माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली.

कामाक्षीनं वाटीतल्या तेलाकडे पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पुढे केले आणि वाटी घेतली.

“कीर्तनासाठी येते,” ती म्हणाली. “एक सांगते, मामी. तुमची ती बाई यायला मोकळी झाली, आणि माझी जागा उरली नाही, तर मला फोन करू नका. आज आलात तशा या, या दारात उभ्या राहा, आणि तोंडानं सांगा.”

“असं कसं होईल?” सीतालक्ष्मी म्हणाली.

झालं ते तसंच. ती घरी येऊन पायांवर पाणी घेत होती तोवर फोन वाजला, आणि या वेळी कृष्णस्वामींचा चेहरा उजळला.

“अगे, सुतक नव्हेच! दहाव्या पिढीच्या पलीकडचे निघाले. शास्त्रीबाबांनी नुसतं स्नान सांगितलं. सुगुणा येते उद्या.” त्यांचा जीव भांड्यात पडला होता. रिसीव्हरवर तळवा ठेवून ते हळूच म्हणाले, “बरं झालं. कोणाला दुखवायलाही नको. कामाक्षीला संध्याकाळी हळदीकुंकवाला ये म्हणून कळव. फोननं.”

स्वयंपाकघरात नारळ खवत बसलेली कीर्तना थांबली. तिनं मान वर केली नाही. सीतालक्ष्मीला दिसली ती फक्त तिची वेणी आणि थांबलेला हात, आणि बंगलोरच्या लग्नातलं ते दार आठवलं.

तिनं फोन घेतला. “सुगुणा, मी बोलते. अगे, जागा भरली.”

पलीकडून प्रश्न आला असावा.

“कीर्तनेची चित्ती. होय, कृष्णवेणीची बहीण. तेल देऊन आले मी.” थोडा वेळ ती ऐकत राहिली. “सहा चालत नाहीत, तुज ठाऊकच. तेल घेतलेल्या बाईला नको म्हणायला होईना. तूच सांग, तुझ्या दारी येऊन असं सांगितलं असतं तर? ... सेरी, बरं तर. संध्याकाळी ये. आलीस तर मला आनंद होईल.”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. कृष्णस्वामी खुर्चीत बसले.

“मंडपाचं काय आता?”

“मंडपाचं मी बघतो अण्णा,” दत्तोपंत म्हणाले. “त्यांनी हात झटकले तर झटकले. वेलचेरीला आमच्या खालीच एक हॉल आहे.” थोरल्या भावाला न विचारता दत्तोपंतांनी या घरात काही ठरवलं असं स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

मग आतल्या खोलीचं दार उघडलं. सकवारबाई उंबऱ्यात आल्या, पदर कानामागे घट्ट धरून.

“सीते, पान तुझं, वाढणं तुझं. ठीक. मी काही म्हणेना. पण उद्या नावं मज विचारूं नको. मी सांगणार नाही.” त्या वळल्या आणि दार लावून घेतलं. अर्धं नव्हे, पूर्ण.

शुक्रवारी सकाळी पाच पानं ओळीनं आणि सहावं, ज्यावर कोणी बसायचं नाही ते, पूर्वेला मांडलं गेलं. त्याच्यासमोर पाटावर नऊवारी निऱ्या घालून उभं केलं, त्याला अबोलीची माळ घातली. बाकीच्या चार सवाष्णी वेळेवर आल्या. दोघींनी कामाक्षीकडे पाहून नमस्कार केला, एकीनं नजर वळवली, चौथी तिच्याच शाळेत मुलगी घातलेली निघाली आणि तिला ‘मॅडम’ म्हणून उठून उभी राहिली. कामाक्षी न्हालेल्या केसांची सैल गाठ मारून रिकाम्या पानाशेजारी येऊन बसली. सीतालक्ष्मीनं त्या सगळ्यांच्या पायांना हळद लावली. कामाक्षीच्या पायाला हात लावताना ती क्षणभर पाय मागे घेऊ लागली, मग तिनं तो तसाच ठेवला.

वाढून झालं. आता नावं.

आतल्या खोलीचं दार बंदच होतं. सीतालक्ष्मी उदबत्ती हातात घेऊन उभी राहिली. इतकी वर्षं ती नावं म्हणत आली होती, पण कोणीतरी सांगितल्यावर. रात्रभर तिनं मनाशी घोकलं होतं, आणि कृष्णवेणीचं नाव शेवटी हळूच घेऊन टाकायचं असं ठरवलं होतं. अगदी सगळं संपता संपता, म्हणजे कोणाला फारसं टोचणार नाही.

“अंबूबाई, आजेसासूबाई, यावं,” ती म्हणाली. “राजसबाई, सासूबाई, यावं.” “कावेरी, बंगलोरच्या भावजींची बायको, ये.”

कावेरी चार वर्षांपूर्वी गेली होती. इथवर कोणाला खटकण्यासारखं काही नव्हतं. सीतालक्ष्मीनं डोळे मिटले.

“कृष्णवेणी,” ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. “दत्तोपंतभावजींची बायको. ये.”

दत्तोपंत बाहेरच्या दारात उभे होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कामाक्षी आपल्या पानाकडे बघत होती. कीर्तना पाण्याचं तांब्या-भांडं हातात धरून तशीच होती.

“चुकलं.”

आतल्या खोलीतून आवाज आला. कडी निघाली, दार हातभर उघडलं. सकवारबाई दिसत नव्हत्या, पांढऱ्या लुगड्याची कड तेवढी दिसत होती.

“चुकलं म्हणते,” त्या पुन्हा म्हणाल्या, नेहमीच्या खरखरीत, वैतागलेल्या आवाजात. “असं वाटेल तसं घेतात काय नावं? कृष्णवेणी आधी गेली. कावेरी मागून गेली. जी आधी गेली तिला मागे उभी करणार काय? राजसबाईंच्या मागून कृष्णवेणी, तिच्या मागून कावेरी. पहिल्यापासून घे.”

कीर्तनानं भांडं खाली ठेवलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

सीतालक्ष्मीनं उदबत्ती पुन्हा उचलली, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.